घरगुती बिनतारी नेटवर्कवरील स्वयंचलित बॅकअप : नांदेड व लातूर परिसरातील संशोधक-प्राध्यापकांच्या संदर्भात

सारांश :
महाविद्यालयीन अध्यापकांचे संशोधनसाहित्य आज बहुतांशी घरच्या संगणकावर साठविलेले असते. प्रबंध पूर्ण झाल्यावर तो ग्रंथालयात व 'शोधगंगा'वर जातो, परंतु त्यामागील मुलाखती, प्रश्नावल्या, ध्वनिमुद्रणे व टिपणे यांची एकमेव प्रत लॅपटॉपवरच राहते. या साहित्याच्या रक्षणासाठी घरातील वाय-फाय नेटवर्कवर आपोआप चालणारी बॅकअप व्यवस्था कशी उभारावी, तिच्यातील तांत्रिक अडचणी कोणत्या आणि मराठवाड्यातील वीज, हवामान व आपत्ती यांचा विचार करता तिला कोणती जोड द्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बॅकअप, घरगुती नेटवर्क, नॅस, समक्रमण, पुनःस्थापन, देवनागरी फाइलनावे.

१. प्रस्तावना :
मराठीचा आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या 'लीळाचरित्रा'ची कथा प्रतीच्या महत्त्वाची कथा आहे. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्ष साक्षीदारांना भेटून चक्रधरस्वामींच्या लीळा संकलित केल्या. पुढे खल्जीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यानंतर हिराइसा व अन्य अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. आज अभ्यासकांसमोर जे निरनिराळे पाठ आहेत, त्यांचे एक कारण या पुनर्रचनेत आहे. ग्रंथ वाचला, कारण तो मुखोद्गत असणारी माणसे हयात होती. आजच्या संशोधकाचे ध्वनिमुद्रण किंवा सांख्यिकीय तक्ता कोणालाही मुखोद्गत नसतो.

अलीकडच्या काळातही अशी उदाहरणे घडली आहेत. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला लागलेल्या आगीत मनुष्यहानीबरोबरच शासकीय कागदपत्रांचीही मोठी हानी झाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या दुःखापुढे कागदांचा हिशेब गौण होय. तथापि घर कोसळते तेव्हा घरातील प्रत्येक प्रत एकाच क्षणी जाते, हा धडा त्या पहाटेने मराठवाड्याला दिला.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९९४ मध्ये नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली या जिल्ह्यांतील महाविद्यालयांमधून हैदराबाद मुक्तिसंग्राम, बंजारा लोकगीते, भूकंपग्रस्तांचे पुनर्वसन, शेती व पाणी अशा विषयांवर क्षेत्रीय संशोधन होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्या लढ्याचे साक्षीदार आता अत्यंत थोडे उरले आहेत. अशा एखाद्या वृद्ध सैनिकाची मुलाखत नष्ट झाली तर ती पुन्हा घेता येणे शक्य नसते. हरवलेले प्रकरण पुन्हा लिहिता येते, हरवलेला आवाज मात्र परत येत नाही. बॅकअपचा प्रश्न म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. तो संशोधनाच्या साधनशुचितेचाही प्रश्न आहे, कारण मूळ आधारसामग्री दाखविता न आल्यास निष्कर्षाची पडताळणीच अशक्य होते.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) प्रत, समक्रमण व बॅकअप या संकल्पनांतील भेद स्पष्ट करणे.
२) घरगुती नेटवर्कवर स्वयंचलित बॅकअप उभारण्याची पद्धत समजावून देणे.
३) देवनागरी लेखन, वीजपुरवठा व हवामान यांमुळे निर्माण होणाऱ्या विशिष्ट अडचणींचा विचार करणे.
४) एकाच गावातील प्रतीची मर्यादा दाखवून दुसऱ्या गावातील प्रतीचा पर्याय मांडणे.

३. प्रत, समक्रमण आणि बॅकअप :
या तीन शब्दांच्या वापरात मोठा घोटाळा आढळतो. पेनड्राइव्हवर प्रबंध उतरवून घेणे म्हणजे प्रत. ती ज्या दिवशी घेतली त्या दिवसापुरती खरी असते आणि घ्यायची आठवण राहिली तरच घेतली जाते. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सेवा प्रामुख्याने समक्रमण करतात, म्हणजे दोन ठिकाणची स्थिती एकसारखी ठेवतात. त्यात सोय आहे तसा धोकाही आहे. लॅपटॉपवर चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या ठिकाणीही पुसली जाते, बिघडलेली फाइल तेथेही बिघडलेल्या रूपातच पोहोचते. या सेवांत काही काळ जुनी आवृत्ती किंवा कचरापेटीतील फाइल मिळते, हे खरे. परंतु त्या मुदतीनंतर ती मिळत नाही.

बॅकअप या संज्ञेस दोन लक्षणे आवश्यक आहेत. पहिले, प्रत मूळ साधनापासून वेगळ्या साधनावर असावी. दुसरे, तिच्यात काळाची खोली असावी, म्हणजे कालची, गेल्या आठवड्याची व गेल्या महिन्याची अवस्था स्वतंत्रपणे मिळावी. प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणातील एक तक्ता तीन आठवड्यांपूर्वी चुकून पुसला गेला आणि आज ते लक्षात आले, तर कालची प्रत निरुपयोगी ठरते. तीन आठवड्यांपूर्वीचीच प्रत हवी असते.

याच संदर्भात 'रेड' या पद्धतीविषयीचा गैरसमजही दूर करावयास हवा. दोन डिस्कांवर एकाच वेळी तोच मजकूर लिहिण्याच्या या पद्धतीमुळे एक डिस्क निकामी झाली तरी काम चालू राहते. परंतु फाइल पुसली गेल्यास ती दोन्ही डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. म्हणून रेड ही अखंड सेवेची सोय होय, तिला बॅकअप म्हणता येत नाही.

४. घरगुती नेटवर्कची रचना :
घरातील राउटर हा या व्यवस्थेचा केंद्रबिंदू आहे. लॅपटॉप त्याला वाय-फायने जोडलेला असतो. बॅकअप साठविणारे साधन राउटरला तारेने जोडावे. असे साधन तीन प्रकारे उपलब्ध होऊ शकते.

अ) राउटरच्या यूएसबी खाचेला जोडलेली बाह्य हार्डडिस्क : ही सर्वांत स्वस्त व सोपी पद्धत होय. मात्र बहुतेक घरगुती राउटरांचे प्रक्रियक दुर्बल असतात, त्यामुळे वेग कमी मिळतो. जुन्या आवृत्त्या गोठवून ठेवण्याची सोयही सहसा नसते.

आ) घरातील जुना डेस्कटॉप संगणक : नवा लॅपटॉप आल्यावर जुना संगणक अडगळीत जातो. त्यात नवी हार्डडिस्क बसवून तो सामायिक साठा म्हणून वापरता येतो. येथे एक दक्षता घ्यावी लागते. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटी पूर्ण करीत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स बसविणे हा सुरक्षित व विनामूल्य मार्ग आहे.

इ) नॅस : नेटवर्कला जोडण्यासाठीच घडविलेले, एक वा अधिक डिस्क सामावणारे हे छोटे यंत्र होय. ते वीज कमी खाते, चोवीस तास चालते आणि त्यात ठरावीक वेळची स्थिती गोठवून ठेवण्याची, म्हणजे 'स्नॅपशॉट'ची सोय अनेकदा असते. खर्च परवडत असल्यास हा पर्याय सर्वांत श्रेयस्कर आहे.

कोणताही पर्याय निवडला तरी राउटरमधील सेटिंगमधून त्या साधनासाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवावा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. एरवी वीज जाऊन आल्यावर राउटर त्याला नवा पत्ता देऊ शकतो आणि पत्त्यावर विसंबलेला बॅकअप कोणतीही मोठी सूचना न देता थांबतो.

आपल्याकडे वारंवार आढळणारी एक अडचण येथे नोंदविणे आवश्यक आहे. फायबर जोडणी देणारी कंपनी स्वतःचा वाय-फाय असलेला मोडेम बसविते आणि आतल्या खोलीत संकेत पोहोचत नाही म्हणून कुटुंब त्यास आणखी एक राउटर जोडते. हा दुसरा राउटर नेहमीच्या सेटिंगवर ठेवल्यास घरात दोन स्वतंत्र नेटवर्क तयार होतात. लॅपटॉप एकावर आणि साठवण-साधन दुसऱ्यावर असले की दोन्हीवर इंटरनेट व्यवस्थित चालत असूनही ती एकमेकांना दिसत नाहीत. दुसरा राउटर 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून चालविल्यास नेटवर्क एकच राहते व अडचण सुटते. लॅपटॉप 'गेस्ट' नेटवर्कला जोडलेला असल्यासही हाच अनुभव येतो, कारण पाहुण्यांच्या नेटवर्कवरील साधनांना घरातील इतर साधनांपासून मुद्दाम दूर ठेवलेले असते.

५. वेगाचे गणित :
राउटरच्या खोक्यावर छापलेला वेग मेगाबिटमध्ये असतो, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये मोजला जातो. आठ बिटांचा एक बाइट होतो. शिवाय छापलेला आकडा हा सर्व पट्ट्यांचा मिळून सैद्धांतिक वेग असतो. एक-दोन भिंतींपलीकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर प्रत्यक्षात ४० मेगाबिट वेग मिळाला, तर सेकंदाला ५ मेगाबाइट जातात. १०० गिगाबाइट साहित्य असल्यास २०,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेपाच तास लागतात. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर, राउटरच्याच खोलीत, २४० मेगाबिट मिळाल्यास हेच काम तासाभरात होते. गिगाबिट तारेने व सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने ते सतरा मिनिटांत उरकते.

या गणितातून तीन व्यावहारिक नियम निघतात. पहिला पूर्ण बॅकअप लॅपटॉप तारेने जोडून घ्यावा. त्यानंतर केवळ बदललेल्या फाइलींचाच प्रवास होत असल्याने वाय-फाय पुरेसे ठरते, कारण दिवसाचे २०० मेगाबाइट बदल वरील मंद वेगानेही चाळीस सेकंदांत पोहोचतात. तिसरा नियम असा की साठवण-साधन वाय-फायवर ठेवू नये. तसे केल्यास प्रत्येक बाइट त्याच हवेतून दोनदा जातो, एकदा लॅपटॉपकडून राउटरकडे व पुन्हा राउटरकडून साधनाकडे, आणि वेग जवळजवळ निम्मा होतो.

मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणांचा आकारही आधी मोजावा. सीडीच्या दर्जाचे असंपीडित ध्वनिमुद्रण तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. तासाभराच्या तीस मुलाखती म्हणजे १९ गिगाबाइट होतात. बॅकअपची डिस्क मूळ साहित्याच्या किमान दुप्पट असावी, म्हणजे जुन्या आवृत्त्यांनाही जागा मिळते.

६. स्वयंचलनाची पद्धत :
मनुष्याच्या स्मरणावर अवलंबून असलेला बॅकअप परीक्षेच्या, मूल्यांकनाच्या व प्रवेशाच्या दिवसांत हमखास राहतो. नेमक्या याच दिवसांत संगणकावर कामाचा ताण सर्वाधिक असतो. म्हणून स्वयंचलन हा या व्यवस्थेचा प्राण आहे.

विंडोजमध्ये २०१२ सालच्या आठव्या आवृत्तीपासून 'फाइल हिस्टरी' ही सोय आहे. विंडोज ११ मध्ये ती कंट्रोल पॅनेलमधून सुरू करता येते. बॅकअपची जागा म्हणून नेटवर्कवरील सामायिक फोल्डर निवडला की दर तासाला बदललेल्या फाइलींच्या नव्या आवृत्त्या तेथे जातात. मात्र येथे एक मोठी फसगत संभवते. ही सोय मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारख्या वापरकर्त्याच्या ठरावीक फोल्डरांपुरतीच काम करते. आपल्याकडे संगणक घेतानाच विक्रेता डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो आणि 'महत्त्वाचे सारे डी ड्राइव्हवर ठेवा' असा सल्ला देतो. परिणामी बॅकअप नियमित चालू असल्याचे दिसते, परंतु डी ड्राइव्हवरील प्रबंध त्यात नसतोच. तो फोल्डर 'लायब्ररी'त समाविष्ट केल्यावरच त्याचे रक्षण होते.

मॅक संगणकांवर २००७ पासून 'टाइम मशीन' आहे. ते गेल्या चोवीस तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या दररोजच्या आणि त्यापूर्वीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ठेवते. डिस्क भरली की सर्वांत जुन्या प्रती काढल्या जातात. अॅपलचे 'टाइम कॅप्सूल' हे बिनतारी साधन २००८ मध्ये आले व २०१८ मध्ये बंद झाले. आता त्याची जागा टाइम मशीनला साहाय्य करणाऱ्या नॅसने घेतली आहे. लिनक्सवर १९९६ पासून प्रचलित असलेले 'आरसिंक' हे साधन फाइलींतील केवळ बदललेला अंश पाठवू शकते आणि अनेक बॅकअप-प्रणाली त्याच्याच पायावर उभ्या आहेत.

काही जाणकार विंडोजमधील 'रोबोकॉपी' ही आज्ञा 'टास्क शेड्युलर'ला जोडून स्वतःचा बॅकअप तयार करतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. या आज्ञेचा 'मिरर' पर्याय मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली बॅकअपमधूनही काढून टाकतो, म्हणजे ते वर सांगितलेले समक्रमणच ठरते. दुसरे असे की टास्क शेड्युलरमधील नवे काम मुळातच 'संगणक विजेवर असेल तरच सुरू व्हावे' या अटीवर बेतलेले असते. रात्री नऊची वेळ ठरविली आणि नेमकी त्या वेळी वीज नसेल, तर बॅटरीवरील लॅपटॉप ते काम सुरूच करीत नाही. ही अट काढावी आणि 'वेळ हुकल्यास शक्य तितक्या लवकर काम सुरू करावे' हा पर्याय निवडावा. लॅपटॉपचे झाकण मिटले की तो निद्रिस्त होतो व बॅकअप थांबतो, हेही ध्यानात ठेवावे. पूर्ण बॅकअपच्या रात्री झाकण उघडे व चार्जर जोडलेला असावा.

७. देवनागरी फाइलनावे व टंक :
मराठीतून लेखन करणाऱ्या अध्यापकांना एक अडचण येते, जिचा उल्लेख इंग्रजी माहितीपुस्तिकांत क्वचित आढळतो. विंडोजमध्ये फाइलचे नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. नॅस सामान्यतः लिनक्सवर चालते आणि तेथील प्रचलित फाइल-व्यवस्थांत मर्यादा २५५ बाइटांची आहे. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागतो, तर युनिकोडमधील प्रत्येक देवनागरी चिन्हास यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी व हलन्त ही चिन्हेही स्वतंत्र मोजली जातात. 'मराठवाड्यातील' या एका शब्दात १३ चिन्हे, म्हणजे ३९ बाइट होतात. अशा रीतीने देवनागरी नावाची मर्यादा ८५ चिन्हांवर येते. काही नॅसमध्ये फोल्डर कूटबद्ध केल्यास ही मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हांवर उतरते. संपूर्ण शोधनिबंधाचे शीर्षकच फाइलला देण्याची सवय असलेल्या संशोधकाच्या फाइली या कारणाने बॅकअपमधून वगळल्या जाऊ शकतात आणि त्याची नोंद केवळ त्रुटींच्या यादीत राहते. म्हणून नावे आटोपशीर ठेवावीत, उदाहरणार्थ 'प्रकरण४_२०२५-०८'. फोल्डरात फोल्डर घालत गेल्यास विंडोजमधील अनेक प्रणालींना संपूर्ण मार्गाची सुमारे २६० चिन्हांची मर्यादाही आडवी येते.

दुसरा प्रश्न टंकांचा आहे. २००० च्या दशकात श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींत व युनिकोडपूर्व टंकांत पुष्कळ मराठी लेखन झाले. तो टंक संगणकावर नसेल तर फाइल उघडते, परंतु पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. अशा फाइलींचा बॅकअप घेताना टंकाच्या फाइलीही सोबत ठेवाव्यात, तसेच शक्य तेथे मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून त्याची एक पीडीएफ प्रत करावी. वाचता न येणारी प्रत ही हरवलेल्या प्रतीहून फारशी वेगळी नसते.

८. वीज व उष्णता :
लेखन चालू असताना अचानक वीज गेली तर डिस्कवरील फाइल-व्यवस्था बिघडण्याचा संभव असतो. नांदेड-लातूरकडील घरांत इन्व्हर्टर सर्रास असतो, मात्र वीज गेल्यावर तो भार उचलण्यास क्षणभर वेळ घेतो व तेवढ्यात साठवण-यंत्र बंद पडू शकते. अनेक इन्व्हर्टरांवर 'यूपीएस' अशी कळ असते. ती निवडल्यास हा विलंब कमी होतो. नॅससाठी स्वतंत्र छोटा यूपीएस घेऊन तो यूएसबी तारेने जोडणे अधिक चांगले. वीज फार वेळ गेल्यास नॅस स्वतःहून व्यवस्थित बंद होते. राउटरही अखंड विजेवर असावा, अन्यथा दोन्ही यंत्रे चालू असूनही त्यांच्यातील दुवाच तुटतो.

उन्हाळ्यात या भागातील तापमान ४० अंशांपलीकडे जाते. पोटमाळा, पत्र्याखालची खोली, बंद कपाट वा देवघराशेजारचा कोनाडा या जागा साठवण-यंत्रास योग्य नाहीत. हवा खेळती असलेली, धुळीपासून दूर व जमिनीपासून उंच अशी जागा निवडावी. पावसाळ्यात पाणी शिरण्याची शक्यता असलेल्या घरांत उंचीचा विचार अधिकच महत्त्वाचा ठरतो.

९. सुरक्षा व गोपनीयता :
मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. फाइल-सामायिकीकरणाच्या 'एसएमबी'च्या पहिल्या, कालबाह्य आवृत्तीतील दोषाचा तिने उपयोग करून घेतला होता. त्या दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच उपलब्ध केली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती, त्यांना मुख्यतः फटका बसला. यातून घ्यावयाचा बोध असा की ही पहिली आवृत्ती बंद ठेवावी आणि नॅस व राउटर यांच्या प्रणाली अद्ययावत असाव्यात.

अशा प्रणाली लॅपटॉपला दिसणारे नेटवर्क-फोल्डरही कुलूपबंद करतात. म्हणून बॅकअपसाठी नॅसवर स्वतंत्र वापरकर्ता व वेगळा संकेतशब्द असावा, तो फोल्डर लॅपटॉपवर कायम ड्राइव्ह म्हणून जोडलेला नसावा आणि नॅसवरील स्नॅपशॉट लॅपटॉपवरून पुसता येणार नाहीत अशी योजना करावी. नॅसचे व्यवस्थापन-पृष्ठ थेट इंटरनेटवर खुले ठेवणे सर्वथा टाळावे.

संशोधनात उत्तरदात्यांची नावे, आजार, उत्पन्न, जात यांसारखी माहिती असते. ती गोपनीय राखण्याचे वचन संशोधकाने दिलेले असते. बॅकअपची डिस्क चोरीस गेली तर त्या वचनाचा भंग होतो. यासाठी बॅकअप कूटबद्ध करावा. परंतु कूटबद्धतेला एक दुसरी बाजू आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बांधले. पोथ्या टिकल्या, पण पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या दीर्घकाळ वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी ती लिपी उलगडल्यावर ते भांडार खुले झाले. आधुनिक कूटबद्धता अशी उलगडता येत नाही. संकेतशब्द विसरला की प्रत कायमची मुकी होते. म्हणून तो कागदावर लिहून, पाकीटबंद करून घरातील विश्वासू व्यक्तीच्या स्वाधीन करावा.

१०. दुसऱ्या गावातील प्रत :
छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाशी निगडित असलेला '३-२-१' हा नियम सर्वमान्य आहे. त्यानुसार साहित्याच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी. घरातील लॅपटॉप व नॅस मिळून दोन प्रती होतात. परंतु आग, चोरी, पूर वा भूकंप यांत त्या एकत्रच जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने रात्रीतून गावांत पाणी शिरले. अशा वेळी माणसे जीव वाचवितात. डिस्क उचलण्यास उसंत नसते आणि नसावीही.

या भागातील अनेक अध्यापकांची नोकरी एका गावी व मूळ घर दुसऱ्या गावी असते. ही वस्तुस्थिती येथे उपकारक ठरते. नोकरी नांदेडला व आई-वडील लातूरला असल्यास दोन घरांतील अंतर इतके आहे की गोदावरीचा पूर लातूरच्या प्रतीस स्पर्श करीत नाही. ही प्रत दोन मार्गांनी ठेवता येते.

पहिला मार्ग इंटरनेटचा आहे. लातूरच्या घरी छोटे साठवण-यंत्र ठेवून नांदेडच्या नॅसने रोज रात्री तेथे बदल पाठवावेत. बहुतेक घरगुती जोडण्यांवर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, म्हणून खासगी आभासी नेटवर्कची, म्हणजे व्हीपीएनची जोड द्यावी लागते. चढत्या दिशेने २० मेगाबिट वेग धरल्यास १०० गिगाबाइट पाठविण्यास सुमारे अकरा तास लागतात. म्हणून पहिली प्रत नांदेडलाच भरून यंत्र लातूरला न्यावे व पुढे केवळ बदल पाठवावेत.

दुसरा मार्ग अधिक साधा व कमी खर्चाचा आहे. दोन बाह्य डिस्क घ्याव्यात. एक लातूरला कपाटात राहील, दुसरी नांदेडला भरली जाईल. दिवाळी, संक्रांत, उन्हाळी सुटी अशा प्रत्येक फेरीत त्यांची अदलाबदल करावी. एस.टी.च्या प्रवासात कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली ही डिस्क कोणत्याही जोडणीपेक्षा अधिक साहित्य एका खेपेत नेते. शिवाय ती कपाटात असताना कोणत्याही तारेला जोडलेली नसल्याने खंडणीखोर प्रणालीही तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही. दोष एवढाच की दोन फेऱ्यांमधील काम तिच्यात नसते. तेवढ्या काळासाठी चालू प्रकरणे समक्रमण-सेवेवर ठेवावीत.

११. पुनःस्थापनेची चाचणी :
बॅकअपची खरी परीक्षा प्रत परत मिळविण्यात असते. डिस्क पूर्ण भरली, संकेतशब्द बदलला, फोल्डर दुसरीकडे हलविला किंवा राउटर नवा आला, यांपैकी कोणत्याही कारणाने बॅकअप महिनोन्महिने थांबलेला असू शकतो आणि नॅसवरील हिरवा दिवा मात्र लुकलुकत असतो.

यासाठी प्रत्येक सत्राच्या आरंभी एक छोटी चाचणी घ्यावी. मराठी मजकुराची एक फाइल, सांख्यिकीचा एक तक्ता व एक ध्वनिमुद्रण निवडावे. त्यांची महिन्यापूर्वीची आवृत्ती शक्यतो दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्यावी. मजकूर वाचता येतो का, आकडे जुळतात का, आवाज अखेरपर्यंत ऐकू येतो का, हे पाहावे आणि तारीख वहीत नोंदवावी. दुसरा संगणक यासाठी की प्रत्यक्ष आपत्तीत मूळ लॅपटॉप उपलब्ध नसतो. ही चाचणी घरातील आणखी एका व्यक्तीला करता येणे इष्ट आहे, कारण संशोधकाच्या अनुपस्थितीतही संशोधन उघडता आले पाहिजे.

१२. समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येते की घरगुती बिनतारी बॅकअप ही गुंतागुंतीची तांत्रिक बाब नसून काही नेमक्या निर्णयांची शिस्त आहे. साठवण-साधन तारेने राउटरला जोडणे, पहिली प्रत तारेवरून व पुढील बदल वाय-फायवरून घेणे, डी ड्राइव्हचा समावेश तपासणे, फाइलनावे आटोपशीर ठेवणे, विजेच्या अटी सुधारणे, एक प्रत दुसऱ्या गावी ठेवणे आणि दर सत्रात चाचणी घेणे, एवढ्यात ती सामावते. खर्च न झेपल्यास दोन बाह्य डिस्क व त्यांच्या अदलाबदलीपासून आरंभ करावा. तेवढ्यानेही मोठा धोका टळतो.

पोथीच्या अखेरीस लेखनिक तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून ती राखण्याची विनंती वाचकास करीत असे. त्या काळी प्रत राखणे हा ज्ञानव्यवहाराचा भाग मानला जाई. मुक्तिसंग्रामाचा साक्षीदार, किल्लारीची वृद्धा किंवा तांड्यावरची गायिका आपला आवाज संशोधकाच्या स्वाधीन करते, तेव्हा तो जपला जाईल हा विश्वास त्यात गृहीत असतो. महाविद्यालयांनी ग्रंथालयाच्या सहकार्याने अशा मूळ साहित्याचे सामायिक जतन हाती घेतले पाहिजे. ते होईपर्यंत या ठेव्याची जबाबदारी प्रत्येक अध्यापकाच्या घरातील त्या छोट्या यंत्रावर आणि ते नियमाने तपासणाऱ्या हातांवर आहे.